आज ऑफिस बंद करण्याआधी वेबसाइटचं व्हर्जन बघा

सातारा-सांगलीतल्या शाळा-महाविद्यालयांचे प्राचार्य, पतसंस्थांचे सचिव, पाचगणी-महाबळेश्वरचे हॉटेलवाले, तासगावचे बेदाणा व्यापारी, सर्वांना कळकळीची विनंती. आपली वेबसाइट वर्डप्रेसवर चालते, जूमलावर की ड्रुपलवर, आणि तिचं व्हर्जन कोणतं, हे आजच पाहा.

१५ ऑक्टोबर २०१४ आठवा. राज्यात विधानसभेचं मतदान, सगळीकडे सुट्टी. त्या रात्री आपल्या घड्याळाप्रमाणे साडेनऊच्या सुमारास ड्रुपल ७ मधलं मोठं भगदाड बुजवणारा पॅच आला. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकानेच बजावलं, की त्या रात्री उलटून पहाटे साडेचारपर्यंत ज्यांनी तो बसवला नाही, त्यांनी आपली साइट फुटलीच असं धरून चालावं. अवघे सात तास! कारण पॅच जाहीर झाला की जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून बदललेली ओळ कुणालाही शोधता येते. मग हल्ला करणारे प्रोग्राम दिसेल तो पत्ता ठोठावत सुटतात. बँक की गावचं हायस्कूल, त्यांना सारखंच.

‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ असं कृपा करून म्हणू नका. प्रवेश अर्जांत पोरांचे मोबाइल नंबर असतात, आधार असतो. पतसंस्थेच्या साइटवर खोटं लॉगिन पान चढवलं तर सभासद विश्वासाने पासवर्ड टाकणार.

वर्डप्रेसमध्ये डॅशबोर्डखाली ‘अपडेट्स’ उघडा, ड्रुपलमध्ये ‘स्टेटस रिपोर्ट’. आधी फाइल्स आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घ्या, तो सर्व्हरबाहेर ठेवा, मग अपडेट करा. प्लगइन आणि थीमही सोडू नका. वापरात नसतील ते काढूनच टाका. साइट जूमला ३ वर असेल तर त्याची देखभाल ऑगस्ट २०२३ मध्ये थांबली, ड्रुपल ७ ची ५ जानेवारी २०२५ ला. तिथे नव्या आवृत्तीवर जाण्यावाचून इलाज नाही, त्याचा खर्च येत्या सभेतच मंजूर करून घ्या.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. साइट बनवून देणारा मुलगा नोकरीला पुण्याला गेला, वार्षिक करार संपला, ॲडमिनचा पासवर्ड कुणापाशी नाही. त्याला आजच फोन लावा. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर करून घ्या. पॅचची जबाबदारी एका माणसावर नावानिशी सोपवा आणि दिवाळीच्या सुट्टीत कोण बघणार, तेही ठरवा.

अपडेट झाल्यावर युजर्सची यादी वरपासून खालपर्यंत वाचा. अनोळखी ॲडमिन दिसला, तर कुणीतरी आधीच आत येऊन गेलंय. नुसत्या पॅचने तो बाहेर जात नाही. पुरावा पुसू नका, साइट तात्पुरती बंद करा, आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला सहा तासांच्या आत कळवा, तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने तसं बंधन आहे. कुणाचे पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० फिरवा.