विश्लेषण : विमानाच्या इंजिनाची नाडी कोण तपासते? सपोर्ट इंजिनीअरचे काम नेमके काय?

हैदराबाद विमानतळाच्या परिसरात सफ्रान या फ्रेंच कंपनीच्या ‘लीप’ इंजिनांच्या दुरुस्ती केंद्राचे २६ नोव्हेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन झाले. सुमारे १३०० कोटी रुपयांची सुरुवातीची गुंतवणूक, पूर्ण क्षमतेने चालू लागल्यावर वर्षाला ३०० इंजिने आणि हजाराहून अधिक तंत्रज्ञ व अभियंत्यांना काम, असे हे गणित आहे. तेव्हापासून मेकॅनिकल आणि एरोनॉटिकलचे पदवीधर एकच विचारत आहेत : यात आपली जागा कुठली? याचे उत्तर बहुतेकदा ‘सपोर्ट इंजिनीअर’ या पदात सापडते. मात्र हे काम दिसत नाही, म्हणून त्याविषयी गैरसमजही बरेच आहेत.

सपोर्ट इंजिनीअर इंजिन उघडतो का?

नाही. इंजिन उघडतो तो तंत्रज्ञ. काम नियमानुसार झाले अशी सही करतो तो परवानाधारक देखभाल अभियंता, म्हणजे एएमई. इंजिन कधी उघडायचे, कुठवर उघडायचे, कोणता भाग बदलायचा आणि कोणता आणखी काही उड्डाणे चालवायचा, हे ठरवण्यासाठीचा तांत्रिक आधार तयार करतो तो सपोर्ट इंजिनीअर. तो विमान कंपनीच्या पॉवरप्लांट विभागात असतो, दुरुस्ती कार्यशाळेत असतो किंवा इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या बेंगळूरु, हैदराबादमधल्या कार्यालयात. त्याच्या हातात पाना नसतो, समोर आलेख असतो.

उडत्या इंजिनाचा आजार कसा कळतो?

प्रत्येक उड्डाणात, टेक-ऑफच्या वेळी आणि मग आकाशात स्थिरावल्यावर, इंजिनाच्या मोजमापांचा एक संच जमिनीवर पाठवला जातो. त्यात फिरण्याचा वेग, इंधनाचा प्रवाह, कंपने, तेलाचा दाब हे सारे असते. पण सगळ्यांचे लक्ष असते ईजीटीवर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या तापमानावर. इंजिन झिजले की तेवढाच जोर लावायला जास्त इंधन जाळावे लागते आणि हे तापमान चढते. कमाल मर्यादा आणि प्रत्यक्ष तापमान यांतील अंतर हीच इंजिनाची शिल्लक. मे महिन्याच्या दुपारी नागपूरहून भरलेले विमान उडते तेव्हा ही शिल्लक सर्वांत कमी असते. आपल्याकडची धूळ ती आणखी लवकर खाते.

खरी कसोटी असते आकडा वाचण्याची. ईजीटी अचानक वर गेले, पण इंधनाचा प्रवाह आणि गाभ्याचा वेग जिथल्या तिथे आहेत, तर बहुधा सेन्सर बिघडला आहे. तिन्ही एकत्र सरकले तर आत काहीतरी खरेच झाले आहे. तिसऱ्या वर्षाला टर्बाइनची सूत्रे पाठ करून परीक्षा दिलेल्या माझ्यासारख्यांना हा फरक कुणी शिकवला नव्हता. संशय आला की बोरोस्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची बारीक नळी आत घालून पाती पाहिली जातात. तडा मर्यादेच्या आत असेल तर ठरावीक उड्डाणांनंतर पुन्हा तपासणी, बाहेर असेल तर इंजिन उतरवायचे. हा निर्णय अनेकदा रात्री घ्यायचा असतो आणि विमान पहाटेच्या वेळापत्रकात असते.

चूक कुठे होऊ शकते?

पानापेक्षा नोंदवहीत. इंजिनातल्या फिरत्या चकत्यांचे आयुष्य उड्डाणांच्या संख्येत बांधलेले असते. चकती बाहेरून चकचकीत असली तरी संख्या भरली की ती बाद. त्यामुळे प्रत्येक भागाचा कारखान्यापासूनचा हिशेब ठेवावा लागतो. शिवाय नियामकांचे आदेश येतात, अमुक भाग अमुक मुदतीत बदला म्हणून.

रॉयटर्सने जुलै २०२५ मध्ये दिलेले वृत्त इथे आठवावे. एअर इंडिया एक्स्प्रेसच्या एका ए३२० विमानाच्या इंजिनातील भाग युरोपीय नियामकाच्या मुदतीत बदलले गेले नव्हते आणि ते बदलल्याचे दाखवण्यासाठी नोंदींत फेरफार झाला होता, असे डीजीसीएने त्या वर्षी मार्चमध्ये कंपनीला सुनावल्याचे त्यात म्हटले होते. कंपनीने चूक मान्य केली. देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी हलवताना मुदत नजरेतून सुटली, बाब लक्षात येताच काम पूर्ण केले, असे तिचे म्हणणे होते. मुदत सुटणे ही ढिलाई म्हणता येईल, फेरफार मात्र वेगळ्या जातीचा गुन्हा आहे. दोन्ही गोष्टी पडद्यासमोरच्या कामात घडतात. तिथे पुढच्या तपासणीला बसणारा माणूस समोरची नोंद खरी धरूनच पुढे जातो.

एका इंजिनाने विमाने कशी बसवली?

प्रॅट अँड व्हिटनीच्या जीटीएफ इंजिनांतील काही चकत्यांच्या पावडर धातूत अशुद्धी असल्याचे जुलै २०२३ मध्ये जाहीर झाले. २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत बनलेली इंजिने त्यात होती. २०२६ पर्यंत ६०० ते ७०० जादा इंजिने उतरवावी लागतील आणि एकेका इंजिनाला २५० ते ३०० दिवस लागतील, असे मूळ कंपनी आरटीएक्सने सांगितले. २०२४ च्या सुरुवातीला इंडिगोची सत्तरहून अधिक विमाने जमिनीवर होती. गो फर्स्टने त्याआधीच, मे २०२३ मध्ये, याच कंपनीच्या इंजिनांकडे बोट दाखवत दिवाळखोरीचा अर्ज केला होता. अशा वेळी कोणत्या विमानावर कोणत्या क्रमांकाची चकती आहे, कोणते इंजिन आधी उतरवायचे, सुटे इंजिन कुठे लावायचे, ही यादी सपोर्ट इंजिनीअरच करतात.

बीई झाले तरी सही का करता येत नाही?

कारण सहीचा अधिकार पदवीला नाही, डीजीसीएच्या सीएआर-६६ परवान्याला आहे. त्यासाठी वेगळ्या परीक्षा आणि विमानावरच्या कामाचा नोंदवलेला अनुभव लागतो. ‘बीई करून विमान सोडता येईल’ असे सांगून प्रवेश देणाऱ्यांना हा प्रश्न जरूर विचारावा. उलट, परवानाधारकांकडून ‘तुम्ही फक्त एक्सेलवाले’ हा टोमणाही नव्या मुलांना ऐकावा लागतो. त्यात थोडे तथ्य आहे. हँगरमध्ये सहा महिने न काढलेल्या माणसाने काढलेला आदेश कागदावर बरोबर असतो, पण तिथे हात पोहोचत नाही हे त्याला ठाऊक नसते.

महाराष्ट्रात काय आहे?

नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने उभारलेले आणि एआयईएसएल ही सरकारी कंपनी चालवत असलेले केंद्र आहे. मुंबईतही तिची इंजिन कार्यशाळा आहे. चाकणला जीईच्या कारखान्यात इंजिनांचे भाग बनतात. देखभाल सेवांवरील जीएसटी २०२० मध्ये १८ वरून पाच टक्क्यांवर आला आणि जुलै २०२४ पासून आयात सुट्या भागांवरही सरसकट पाच टक्के आयजीएसटी आहे. तरीही देशातले सुमारे ८५ टक्के देखभालीचे काम बाहेर जाते, हे पंतप्रधानांनीच हैदराबादच्या कार्यक्रमात सांगितले. त्या केंद्राची पूर्ण क्षमता २०३५ मध्ये अपेक्षित आहे. एअर इंडिया आणि इंडिगोने मात्र २०२३ मध्येच मिळून ९७० विमाने मागवली आहेत.