स्क्रिप्टला अधिकार मोजकाच द्यावा

शेअरचे भाव सतत तपासत राहणारी आणि ठरलेली किंमत आली की ऑर्डर टाकणारी छोटीशी पायथन स्क्रिप्ट आता हौशी गुंतवणूकदारही लिहितो. ती कुणाच्या वतीने बोलते आहे, हे ब्रोकरच्या सर्व्हरला कळावे लागते. आणि त्यासाठी सर्वांत आळशी उपाय म्हणजे आपला पासवर्ड त्याच फाइलमध्ये लिहून मोकळे होणे. ‘सेबी’ने ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात ही वाट बंद केली. प्रवेश फक्त ओऑथ पद्धतीने, म्हणजे स्क्रिप्टला पासवर्डऐवजी टोकन नावाची वेगळी किल्ली देऊन, दुहेरी पडताळणी, प्रत्येक ग्राहकाची स्वतंत्र एपीआय की आणि ब्रोकरकडे नोंदवलेला स्थिर आयपी पत्ता. हे नियम जाचक वाटतील, पण त्यांची दिशा योग्य आहे.

‘माझी स्क्रिप्ट माझ्याच लॅपटॉपवर चालते, तिला कसला धोका?’ हा आक्षेप ठरलेला. पण स्क्रिप्ट एका जागी राहत नाही. अडले की ती मित्राला पाठवली जाते, चॅटबॉटमध्ये चिकटवली जाते, गिटहबवर चढते. आणि एकदा कमिट झालेला पासवर्ड नंतर खोडला, तरी गिटच्या इतिहासात तसाच राहतो. २०१६ मध्ये ‘उबर’च्या अभियंत्यांच्या खासगी, होय, खासगीच, गिटहब रिपॉझिटरीत शिरलेल्यांना ॲमेझॉनच्या क्लाउडची की मिळाली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. गिटहबने स्वतःच्या एपीआयसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे नोव्हेंबर २०२० मध्ये थांबवले. पासवर्डने अख्खे खाते उघडते; टोकनला मुदत घालता येते, अधिकार कापता येतात, एकच टोकन रद्द करता येते.

टोकनही चोरीला जातेच की, हा आक्षेप मात्र खरा आहे. साधे टोकन ज्याच्या हाती, त्याचे. ते कोडबाहेर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवावे, हे प्रोग्रामरचे काम. पण चोरी झाल्यावर नुकसान किती व्हावे, हे सेवा देणारा ठरवतो. स्थिर आयपीने विनंती कुठून आली ते कळते, तिने काय करावे यावर बंधन येत नाही. शिवाय घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता बहुधा बदलता असतो, म्हणजे भुर्दंड हौशी माणसालाच. त्यापेक्षा भाव वाचण्याची की वेगळी आणि ऑर्डर टाकण्याची वेगळी, हे प्रत्येक ब्रोकरवर बंधनकारक करावे. वाचणाऱ्या कीने ऑर्डर टाकू पाहिली, तर सर्व्हरने तिला ४०३, म्हणजे ‘मनाई’, दाखवून परत पाठवावे.