उचकी काही थांबेना!

उचकी लागली की आपण आधी घटाघटा पाणी पितो, मग ‘कोण आठवण काढतंय?’ म्हणत एकेक नाव घेऊन बघतो. पण दोन दिवस झाले तरी उचकी थांबत नसेल, सोबत उलट्या असतील आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांना काही दाद मिळत नसेल, तर? तर बॉस, दुखणं पोटाचं नसून मेंदूचं असू शकतं.

न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, थोडक्यात एनएमओ. फ्रान्सच्या युजीन डेविक या डॉक्टरांनी १८९४ मध्ये हा आजार मांडला. नसांवर मायलिनचं आवरण असतं, वायरवरच्या प्लास्टिकसारखं. ते गेलं की सिग्नल अडखळतो. एनएमओमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती नसांना आधार देणाऱ्या पेशींवरच्या अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रोटीनवर उलटते आणि त्या पडझडीत मायलिनही जातं. डोळ्याची नस आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांना जास्त फटका बसतो. मेंदूतल्या उलटीच्या केंद्राशी सूज आली, तर उचक्या. आणि हो, हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी जास्त दिसतो.

माझ्या एका मैत्रिणीचा डोळा हलवला की दुखायचा, त्या डोळ्याला लाल रंग विटका दिसायचा. ‘कॉम्प्युटरचा ताण’ असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. काही महिन्यांनी तिचे पाय जड झाले, कमरेभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटायला लागलं, लघवी अडली. एमआरआय झाला. निदान: मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टनी तीच फिल्म पाहिली आणि ते थबकले. मज्जारज्जूतली सूज तीन मणक्यांहून लांब होती; एमएसमध्ये ती सहसा छोटी असते. त्यांनी एक रक्ततपासणी सांगितली. पॉझिटिव्ह!

नाव बदललं तर काय एवढं? इथेच सगळी गोम आहे. इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमोडसारखी एमएसची काही औषधं एनएमओ उलट वाढवू शकतात. शिवाय एनएमओचा एकेक अटॅक दृष्टी किंवा चालणं कायमचं नेऊ शकतो. म्हणून अटॅक आला की स्टिरॉइडचं सलाइन, रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस. फरक नाही पडला, तर वेळ न घालवता प्लाझ्मा एक्स्चेंज. पुढचा अटॅक टाळायला रिटक्सिमॅब, अझाथायोप्रिन किंवा मायकोफिनोलेट. खास एनएमओसाठी पहिलं औषध, एक्युलिझुमॅब, अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं. २०२० मध्ये आणखी दोन आली. किंमत मात्र डोळे पांढरे करणारी!

हे सगळं शक्य झालं ते २००४ मुळे. त्या वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या व्हँडा लेनन आणि सहकाऱ्यांनी एनएमओची अँटिबॉडी शोधली. या आजाराचा एक चुलतभाऊही आहे, मॉग. तो थेट मायलिनवरच्या प्रोटीनवर उलटतो, लहान मुलांनाही गाठतो आणि कधीकधी एकदाच येऊन जातो. त्याच्या निदानाचे निकष २०२३ मध्ये ठरले.

तेव्हा एका डोळ्याला अचानक धूसर दिसलं, तर वीकेंडची वाट बघू नका. आणि कुणाच्या फाइलवर एमएस लिहिलं असेल, पण सूज लांबलचक असेल किंवा दोन्ही डोळे एकदम गेले असतील, तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग, दोन्ही तपासल्या का? सेल-बेस्ड पद्धतीने?’ रक्त शक्यतो उपचारांआधी द्यावं. उपचार मात्र रिपोर्टसाठी थांबवायचे नसतात.