गाडी शेंद्र्याची, आराखडा जर्मनीचा

ऑडी क्यू-३ ही आकाराने लहान पण आलिशान, जीपच्या धाटणीची मोटार. तिच्या नव्या मॉडेलची जोडणी एप्रिल २०२३ मध्ये आपल्या शेंद्रा एमआयडीसीत सुरू झाली. शहराच्या दृष्टीने ही आनंदाचीच गोष्ट होय.

परंतु आम्ही कापडाचे व्यापारी. कापून आलेल्या कापडाला शिंप्याने नुसते टाके घातले, तर त्याच्या पदरी फक्त शिलाई पडते. नफा नमुना ज्याचा त्याचा. या मोटारीचा आराखडा जर्मनीचा, मूळ कारखाना हंगेरीत. तयार गाडीपेक्षा सुट्या भागांवर जकात कमी, म्हणून जोडणी येथे. उद्या जकातीचा हिशेब बदलला तर? आपल्या हिमरूची नक्षीही येथेच आखली जाई व विणकामही येथेच होई. म्हणून ते नाव शहराचे झाले.

आमच्या मते आपल्या मुलांनी जोडणीच्या नोकरीवरच समाधान मानू नये. शहरातच इंडो-जर्मन टूल रूम आहे. तेथे साचे व हत्यारे तयार करण्याचे शिक्षण मिळते. पालकांनी मुलाला गल्ल्यावर बसविण्याआधी तेथे चौकशी जरूर करावी.