आगाऊ जेवण : सोय की भुर्दंड?

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण सहलीलाही लागू पडते. बंगळूरच्या बनशंकरी भागातील कुटुंबांना सहलीसाठी म्हैसूर रस्त्यावर, बिडदीजवळ वंडरला हे मनोरंजन उद्यान आहे. ते २००५ साली सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये जेवणाचे पैसे आगाऊ भरण्याची योजना आली. ती २०२० मध्ये थांबली व २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. अशी योजना कोठेही समोर आली, तर ती स्वीकारावी काय?

तिचे लाभ उघड आहेत. खर्चाचा आकडा आधीच कळतो आणि दर वेळी खिसा चाचपावा लागत नाही. परंतु हिशेब केल्यावाचून लाभ ठरत नाही. समजा, एक जेवण सुट्या दराने ३५० रुपयांना व आगाऊ ३०० रुपयांना मिळते. चौघेही पोटभर जेवले, तर २०० रुपये वाचतात. मात्र आजींचा उपवास असला आणि पाण्यात रमलेले मूल चार घासांवर उठले, तर दोन जेवणे व दोघांचा शंभर-शंभर रुपयांचा फराळ मिळून ९०० रुपयांतच भागले असते. आगाऊ भरलेले मात्र १२०० रुपये! मोजक्या पगारात वर्षातून एकदा सहल करणाऱ्या घराला ३०० रुपये म्हणजे मुलांच्या वह्या होत. शिवाय, पैसे वसूल करण्यासाठी भुकेपेक्षा अधिक खाऊन पाळण्यात बसणे प्रकृतीलाही मानवत नाही.

म्हणून अंथरूण पाहून पाय पसरावेत, तशी घरातील प्रत्येकाची भूक पाहूनच थाळीचे पैसे भरावेत.