नावं ठेवा, पण आधी नाव द्या!

लग्नाच्या व्हिडिओला नावं ठेवणारे पुष्कळ. त्यातल्या एकेका शॉटला नाव देणारा मात्र बारामतीपासून इंदापूरपर्यंत मला भेटलेला नाही.

आमच्या भाचीच्या लग्नात नवरानवरीमागे भिगवणचे रोहित पक्षी उडवायचं ठरलं. संकलन प्रीमियरवर, पक्षी आफ्टर इफेक्ट्सवर. शॉट तिकडे गेला, इकडे आला, पुन्हा गेला. 'फायनल', 'फायनल नवा', 'फायनल खरंच'! अखेर पक्षी उडाले ते पंगतीत, विहीणबाईंच्या जिलबीवरून.

यावर 'कॉम्प्युटरचा घोळ' म्हणून हात झटकायची पद्धत आहे. अहो, भवानीनगरच्या कारखान्यावर उसाची गाडीसुद्धा स्लिपवाचून काट्यावर चढत नाही! मग शॉटलाच स्लिप का नको? क्रमांक, कितवी आवृत्ती, सेकंदाला फ्रेम २४ की २५, एवढंच लिहायचं. दोन्ही टोकांना दहाबारा फ्रेम जास्त द्यायच्या, म्हणजे काप सरकला तरी शॉट तोकडा पडत नाही. 'डायनॅमिक लिंक आहे की!' असं कुणी सांगेल. आहे ना, पण कुठला 'फायनल' खरा, हे ती लिंक सांगत नाही.

१९१९ साली 'कालिया मर्दन'मध्ये दादासाहेब फाळक्यांनी कॅमेऱ्याच्या करामती दाखवल्या, त्या संगणकाशिवाय. आणि आम्हाला संगणक असून साधी वही झेपत नाही! या घोळापायी रात्र जागतो तो दुकानातला पोरगा, आणि त्या जागरणाचं बिल कुणीच देत नाही.

तेव्हा दुकानात वही येईपर्यंत आमच्या घरच्या लग्नात पक्षी उडणार नाहीत. कावळासुद्धा नाही!