गाणे लोकांचे, कंठ कोणाचा?

लोकगीताला कर्ता नाही, तेव्हा ते कोणीही उचलावे, हा युक्तिवाद सिल्वासापासून गोमंतकापर्यंत चालतो. आमच्या देवळांच्या उत्सवमंडळांतही चालतो. आम्हांस तो साफ अमान्य आहे.

दादरा-नगर हवेलीतील वारल्यांच्या लग्नात चौक लिहितात सवाशिणी. पण त्या चौकात पालघट देवी येते ती धवलेरीच्या गाण्याने. धवलेरी म्हणजे स्त्री-पुरोहित. तिच्यापाशी पोथी नाही. साधन म्हणाल तर एक कंठ. वारली चित्राला मान मिळाला: २०११ साली जिव्या सोमा म्हसे यांस पद्मश्री, पुढे २०१४ मध्ये चित्रकलेस भौगोलिक मानांकन. आम्हांस त्याचा आनंदच आहे. पण ज्या गळ्यावाचून चौक पुरा होत नाही, त्याचे नाव कोठे छापलेले दिसते? 'पारंपरिक' एवढा शिक्का मारला की झाले!

कायदा मात्र इतका आंधळा नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली सुधारणा होऊन गाणाऱ्यास स्वतंत्र हक्क मिळाला. आज तो ५० वर्षे टिकतो. २०१२ मध्ये आलेले कलम ३८-ब तर आपले नाव जाहीर व्हावे, असे म्हणण्याचा अधिकारही गाणाऱ्यास देते. शब्द कोणी रचले, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. खासगी उपयोग, अध्यापन आणि संशोधन यांना सवलत आहे, बाजाराला नाही.

'ती अडाणी बाई दावा कसा लावणार?' असे आमचे विद्वान मित्र हसून विचारतात. म्हणजे जी दाद मागू शकत नाही तिला लुबाडावे, असेच ना? अमेरिकेत टल्सा येथे १९३८ साली वाद्यांवाचून चार स्वरांत गाणाऱ्या पुरुषांची संघटना निघाली. तीत स्त्रियांना स्थान नव्हते. १९४५ मध्ये त्याच गावी त्यांनी 'स्वीट ॲडलाइन्स' ही आपली संस्था उभारली. पुरुषांच्या संघटनेत स्त्रियांना पूर्ण सभासदत्व मिळायला २०१८ उजाडले. तोवर त्या कोणाच्या दारी अडून राहिल्या नव्हत्या. धवलेरीपाशी अशी संस्था नाही.

आणि वारल्यांचेच कशाला? धालोच्या मांडावर समोरासमोर रांगा धरून गाणाऱ्या आमच्या आयाबहिणींचे गाणे उत्सवाच्या ध्वनिमुद्रणात येते, तेव्हा देणगीदारांची नावे पानभर असतात. येत्या उत्सवापासून मंडळांनी मुद्रणापूर्वी प्रत्येक गाणारणीची संमती लेखी घ्यावी, तिला अक्षर येत नसल्यास वाचून दाखवून अंगठा घ्यावा, आणि तिचे नाव देणगीदारांच्या वर छापावे.